सकाळचा कप

दीनानाथराव थट्टाच करत होते. ते नेहमीच करतात. वारज्यात आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहतात, जिल्हा परिषदेत हेडक्लार्क होते, आणि माझी बायको, आनंदी, गेल्यापासून रोज दुपारी चहाला माझ्याकडे येऊन बसतात. मला सोबत व्हावी म्हणून येतात, असं त्यांची बायको सांगते. ते स्वतः सांगतात की तुमचा पंखा आमच्यापेक्षा बरा आहे.

त्या दिवशी टेबलावर एक कार्ड पडलं होतं. नुकतंच छापून आलेलं. त्यांनी ते चष्मा वर करून पाहिलं.

"हे काय, हॉटेल काढताय की काय?"

"औषधाचं कार्ड आहे. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी. चित्रं मी काढलीत. कप म्हणजे सकाळ, ताट म्हणजे दुपार, उशी म्हणजे रात्र. कपासमोर गोळी काढलीय, म्हणजे सकाळी एक गोळी."

"अस्सं." त्यांनी चहाचा घोट घेतला. "हा माझा आजचा चौथा कप. मग चौथी गोळी आत्ता घेऊ, की घरी जाऊन पाचव्याबरोबर घेऊ?"

मी हसलो. ते गेले. मी कप विसळायला घेतले आणि नळाखाली हात तसाच राहिला.

मी आयुष्यभर दुकानांचे बोर्ड रंगवले. नारायण पेठेत माझा छोटा गाळा होता. फ्लेक्स आला आणि ते काम संपलं, त्याबद्दल आता काही म्हणायचं नाही. आनंदी शाळेत शिक्षिका होती. निवृत्त झाली आणि पुढच्याच वर्षी तिला अर्धांगाचा झटका आला. चालणं परत आलं, बोलणं बरंचसं आलं, वाचणं आलं नाही. पेपर हातात धरायची आणि म्हणायची, "अहो, ही अक्षरं मला ओळखत नाहीत."

तिला गोळ्या बऱ्याच होत्या. मी हातात दिलेल्या तिला आवडायच्या नाहीत, स्वतःच्या स्वतः घ्यायच्या असायच्या. म्हणून मी तिच्या डब्याच्या कप्प्यांवर चित्रं काढली. आधी सकाळसाठी सूर्य काढला होता. तिने पहिल्याच दिवशी विचारलं, "हा येतोय का जातोय?" खरंच होतं ते. मग मी कप काढला. डॉक्टरांनी तिला चहा दिवसातून एकदाच सांगितला होता, सकाळचा. तिला चहाचं वेड होतं. तो एक कप ती पुरवून पुरवून प्यायची. तिच्यासमोर बरं दिसत नाही म्हणून मीही दुपारचा चहा सोडला. आमच्या घरात कप म्हणजे सकाळ, याबद्दल कुणालाच शंका नव्हती. घरात आम्ही दोघंच होतो.

ती गेल्यावर वरच्या मजल्यावरची अपूर्वा भेटायला आली. कुठल्याशा कंपनीत ती मोबाइलच्या पडद्यांचं डिझाइन करते, आणि तिचा एक गट आहे. चित्रं काढणारे, फोटो काढणारे, लिहिणारे असे लोक सुट्टीच्या दिवशी सेवाभावी संस्थांचं काम फुकट करून देतात. इथल्याही संस्था आणि बाहेरच्याही. तिने तो डबा पाहिला, बराच वेळ हातात धरून बसली आणि म्हणाली, "काका, हे मला द्याल? म्हणजे डबा नको. चित्रं."

मी हो म्हणालो. घरात करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

पौडच्या पुढे एक धर्मादाय दवाखाना आहे, त्यांना कार्डं हवी होती. आणि केनियाच्या उत्तरेला, जिथे लोक शेळ्या-उंटांमागे फिरत राहतात, तिथल्या एका संस्थेला. दोन्हीकडे बहुतेक रक्तदाबाच्या गोळ्या, दिवसातून एक, सकाळी. मी मन लावून काढलं. केनियाहून सूचनाही आल्या. बशी काढून टाका, आमच्याकडे पत्र्याचे मग असतात. वाफ जरा कमी करा, आग लागल्यासारखी वाटते. नुसत्या वाफेवर किती ईमेल झाले. मगाचा आकार, वाफ, मगाचा कान, सगळं तपासलं गेलं. चहा दिवसातून किती वेळा पितात हे कुणी विचारलं नाही. मीही नाही.

मी अपूर्वाला फोन केला. ती मीटिंगमध्ये होती. संध्याकाळी ती ऑफिसातून आली तेव्हा मी खाली पार्किंगमध्येच उभा होतो.

"काका, तुम्ही ओव्हरथिंक करताय," ती हेल्मेट काढत म्हणाली. "प्रॉपर रिव्ह्यू झालाय. तिकडच्या डॉक्टरांनी ओके दिलंय."

"त्यांनी पत्र्याचा मग बघितला. चहा बघितला नाही."

"म्हणजे?"

"तू दिवसातून किती वेळा चहा पितेस?"

"मी ब्लॅक कॉफी पिते."

"आणि तुझी आई?"

"आईचं काही विचारू नका, तिचा चहा दिवसभर चालूच असतो," ती हळू म्हणाली आणि स्कूटरच्या सीटवर टेकली. मग म्हणाली, "पण नर्स तोंडी सांगतेच ना. कार्ड फक्त आठवणीसाठी आहे."

"तोंडी सांगितलेलं लक्षात राहत असतं, तर कार्ड कशाला मागितलं असतं त्यांनी?"

तिने तिथेच मोबाइल काढला. केनियात कार्डं वाटणारी आरोग्यसेविका आहे, अकिरू नावाची. तिचा फोन लागेना, ती रेंजबाहेर होती. अपूर्वाने निरोप पाठवला, संस्थेच्या ऑफिसला ईमेल केला. पौडच्या दवाखान्याचा फोन वाजत राहिला.

"बंद झाला असेल या वेळेला," ती म्हणाली. "उद्या करू. कार्डं वाटायला सुरुवात झाली का तेही आपल्याला माहीत नाही."

"झाली असेल तर?"

तिने पुन्हा एकदा दवाखान्याचा नंबर लावून पाहिला. जिन्यात दिवा लागला होता. आम्ही वर गेलो.

सकाळी उठलो आणि सवयीने चहा टाकला. ओतताना मनात आलं, आत्ता कुणीतरी असंच ओतत असेल आणि कपाशेजारी गोळी ठेवत असेल. मी तो चहा प्यायलो नाही. चांदणी चौकात जाऊन पौडची बस पकडली.

दवाखाना म्हणजे दोन खोल्या आणि पुढे पत्र्याची शेड. शेडमध्ये बाकांवर लोक बसले होते. सिस्टरचं नाव प्रियदर्शनी. तिशीची, चटपटीत. मी कार्डं काढणारा म्हटल्यावर ती उठून उभी राहिली.

"तुम्ही होय ते. अहो, फार उपयोग झाला. परवापासून वाटतोय आम्ही. लोकांना आवडलीत चित्रं."

परवापासून.

"सिस्टर, ती परत घ्यायला हवीत," मी म्हणालो आणि सगळं सांगितलं. बोलताना माझंच मला वाटत होतं की हा म्हातारा चहावरून काय बोलतोय. बाहेर रांग होती. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"काका, आम्ही प्रत्येकाला सांगतो. सकाळी एकच. दोनदा म्हणवून घेतो."

"एकाला विचारून बघा. माझ्यासमोर. एवढंच करा, मग मी जातो."

तिने घड्याळाकडे पाहिलं आणि दारातून हाक मारली, "हिंदुराव, या हो आत."

फेटा बांधलेला, सत्तरीचा माणूस आला. खिशातून कार्ड काढून त्यानेच टेबलावर ठेवलं. चार घड्या घातलेलं. माझा कप मधोमध मोडला होता.

"गोळी कधी घेता, हिंदुराव?"

"चितरात हाय तशी. चा झाला की."

"चहा किती वेळा होतो?"

हिंदुरावाने माझ्याकडे पाहिलं, कारण प्रश्न मी विचारला होता आणि मी कोण ते त्याला ठाऊक नव्हतं. "किती म्हंजी? उठल्यावर येक. मग स्टँडवर साईनाथच्या टपरीवर. तितं नाय म्हनलं तर त्यो रागावतो. आन सांच्याला घरी."

"आणि गोळी?" सिस्टरने विचारलं.

"प्रत्येक बारीला. तुमीच तर चितर काढून दिलंय. आठवड्याच्या गोळ्या सपत आल्या म्हून तर आलोय आज."

प्रियदर्शनीचं पेन थांबलं. तिने त्याच्या दंडाला रक्तदाब मोजायचा पट्टा गुंडाळला, हवा भरली, सोडली, परत भरली.

"चक्कर येते का?"

"काल बांधावर बसलो ते उठताच यीना. सून म्हनली ऊन लागलं."

"हिंदुराव, इथे आडवे व्हा. आज घरी जायचं नाही. पाय वर घ्या. गोळी बंद, मी सांगेपर्यंत बंद." मग माझ्याकडे वळून, तितक्याच आवाजात, "काका, बाहेर बसा जरा."

मी शेडमध्ये जाऊन बसलो. शेजारच्या बाईने विचारलं, "तुमाला काय होतंय?" मी म्हटलं, काही नाही. ती म्हणाली, "मग हितं कशाला आलाय?"

पुढच्या तासाभरात प्रियदर्शनीने सगळं केलं. गावोगावच्या आशाताईंना फोन केले. ज्यांना कार्ड दिलंय त्यांच्या घरी जा, कार्ड काढून घ्या, गोळ्या किती उरल्या बघा, जास्त गेल्या असतील तर घेऊन या. ती मला एकदाही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. आत हिंदुराव पडल्या पडल्या कुणाला तरी सांगत होता की कप फार झ्याक काढलाय, वाफसुदीक दिसती.

संध्याकाळपर्यंत त्यांची बहुतेक कार्डं परत आली. आणखी दोघांना चक्कर येत होती. हिंदुरावाला दुसऱ्या दिवशी घरी सोडलं. हे मला प्रियदर्शनीने फोन करून कळवलं, आणि फोन ठेवताना म्हणाली, "चूक आमचीही आहे. मी म्हणवून घेत होते, पण 'सकाळी' एवढाच शब्द. पुढचं विचारलंच नाही."

पण केनिया राहिलं होतं.

अकिरूचा निरोप आला तो अपूर्वाने मला जिन्यात उभ्या उभ्या वाचून दाखवला. दोन ठिकाणची कार्डं अजून ऑफिसातच आहेत, ती थांबवली. तिसऱ्या ठिकाणची सोमवारी वाटली. ती माणसं शेळ्या घेऊन चाऱ्यासाठी पुढे निघून गेलीत. कुठे गेलीत ते शोधावं लागेल. मी मोटरसायकल घेऊन निघते आहे.

"ते लोक चहा किती वेळा पितात, हे विचारलंस का?"

अपूर्वाने मोबाइलवर बोट वर सरकवलं. "विचारलं होतं. तिने लिहिलंय, दूध असेल तेवढ्या वेळा."

ते दिवस फार वाईट गेले. आनंदी आजारी होती तेव्हा भीती होती, पण ती समोर होती. श्वास चाललाय की नाही हे बघता येत होतं. इथे बघायला काही नव्हतं. मी नकाशात ती जागा शोधायला अपूर्वाला सांगितली. पिवळा रंग आणि एक नदी, तीही तुटक. त्या पिवळ्यात कुठेतरी एक माणूस माझं कार्ड खिशात घालून चालला होता. बोर्डावर अक्षर चुकलं तर मालक ओरडायचा, मी टर्पेंटाइन लावून पुसायचो आणि परत काढायचो. हे कशाने पुसणार?

आणि सारखं एकच मनात यायचं. त्या माणसाने कार्डावर विश्वास ठेवला असेल. आनंदीने ठेवला होता तसा. ती कप बघायची, कप्पा उघडायची आणि माझ्याकडे न बघता गोळी तोंडात टाकायची. ते बघून मला किती बरं वाटायचं. मी ते चित्र एका माणसासाठी काढलं होतं. ते दुसऱ्याला द्यायला नको होतं, की द्यायच्या आधी विचारायला हवं होतं, हे तिलाच विचारावंसं वाटायचं. तिने सरळ सांगितलं असतं. वर्गातल्या पोरांना सांगायची तसं.

दीनानाथराव येत होते, पण थट्टा बंद होती. एक दिवस चहा न घेताच बसले.

"मी आपलं सहज बोललो हो, श्रीधरपंत."

"बरं झालं बोललात."

"बायकोला सांगतो. माझ्या बोलण्याने कुणाचं बरं झालं, असं तिच्या ऐकण्यात आलेलं नाही." मग थोडं थांबून, "लागला का फोन तिकडे?"

"नाही."

"लागेल." पंख्याकडे बघत ते म्हणाले, "मोटरसायकल आहे ना बाईकडे. मग त्यांचा पत्ता लागेल."

शनिवारी दुपारी अपूर्वा धावत खाली आली. दार उघडंच होतं. तिच्या चेहऱ्यावरून काही कळेना, म्हणून मी खुर्चीचा हात धरला.

"सापडले. सगळे सापडले, काका."

"जिवंत?"

"हो. एक आजोबा झोपूनच होते दोन दिवस, त्यांना ट्रकमधून हॉस्पिटलला नेलंय. सलाइन लावलंय. डॉक्टर म्हणाले, ठीक होतील. बाकीच्यांचं ठीक आहे. कार्डं परत घेतली."

"ठीक होतील म्हणाले, का ठीक आहेत म्हणाले?"

तिने परत वाचलं. "ठीक होतील."

मी बसलो. ती माझ्या समोर जमिनीवरच बसली आणि रडायला लागली. मला वाटलं होतं की काळजी मी एकटाच करतोय. ही पोरगी ऑफिसला जात होती, मीटिंगा करत होती, आणि निरोप तिच्याच फोनवर येणार होता. मी तिला पाणी दिलं.

"काका, ते आता नवीन चित्र मागतायत," ती नाक पुसत म्हणाली. "मी सांगू का दुसऱ्या कुणाला द्या म्हणून? तुम्हाला नको असेल तर चालेल."

मला नकोच होतं. कागदाकडे बघायचीसुद्धा इच्छा नव्हती. पण मी नाही म्हटलं तर दुसरा कुणीतरी पुण्यात बसून काढणार. त्याच्या घरात सकाळी जे होतं ते काढणार.

"अकिरूला विचार," मी म्हणालो. "फक्त सकाळीच होतं, दुसऱ्या वेळी होतच नाही, असं तिकडे काय आहे? दूध काढणं नको, ते दोनदा असेल."

उत्तर यायला वेळ लागला नाही. रात्री शेळ्या काटेरी कुंपणात कोंडतात. सकाळी काट्यांचं झुडूप बाजूला ओढून वाट मोकळी करतात. ते झुडूप ओढायचं काम घरातली बाई करते.

मी एक बाई काढली, पाठमोरी, झुडूप ओढणारी. मागे शेळ्यांची तोंडं. मग पुसली. झुडूप ती उघडायला ओढतेय की लावायला, हे कसं कळणार? तोच सूर्याचा घोळ. शेळ्या बाहेर पडताना काढल्या, तर आत शिरणाऱ्याही तशाच दिसतील. मी अपूर्वाला अकिरूकडे पुन्हा विचारायला लावलं. संध्याकाळी येतात तेव्हा शेळ्या कशा दिसतात? तिने लिहिलं, पोट फुगलेलं असतं, आणि कास भरलेली. सकाळी पोट आत गेलेलं असतं. हे तिथल्या लहान मुलालाही कळतं.

मला शेळ्या येत नव्हत्या. मी शिवणे गावात जाऊन एकाच्या गोठ्यासमोर बसलो आणि काढत राहिलो. पोट आत गेलेल्या शेळ्या, पोट भरलेल्या शेळ्या. झुडूप ओढणारी बाई आणि मागे पोट आत गेलेल्या शेळ्या, असं एक चित्र अपूर्वाने फोटो काढून पाठवलं. मी तिला बजावलं होतं, छापायचं नाही. आधी माणसांना दाखवायचं. काय आहे ते सांगायचं नाही, फक्त विचारायचं की हे कधी होतं.

रविवारी अकिरूचा व्हिडिओ कॉल आला. उन्हाने चेहरा नीट दिसत नव्हता. तिने मोबाइल फिरवला. एक म्हातारी दगडावर बसली होती, गळ्यात मण्यांच्या माळाच माळा. अकिरूने तिच्यापुढे कागद धरला आणि काहीतरी विचारलं. म्हातारी कागदाकडे बघत राहिली. तिने तो उलटा केला, परत सरळ केला. अपूर्वाने माझा हात धरला होता, की मी तिचा, ते आठवत नाही.

म्हातारी बोलली. आजूबाजूचे सगळे हसले.

"काय म्हणाली?" मी विचारलं.

अपूर्वाने इंग्रजीत विचारलं आणि ऐकलं. "म्हणतेय, या शेळ्या कुणाच्या आहेत, कान असे कसे? आमच्याकडे असे कान नसतात."

"कान राहू दे. कधी होतं हे? ते विचार."

अकिरूने विचारलं. म्हातारीने कागदावर बोट ठेवलं, शेळीच्या पोटावर, आणि चटकन काहीतरी म्हणाली, जणू विचारणाऱ्यालाच एवढं कळत नाही.

"सकाळी," अपूर्वा म्हणाली. "काका, सकाळी म्हणाली ती. पोटं रिकामी आहेत, म्हणाली."

ती हसत माझ्याकडे बघत होती. मी मोबाइलच्या आणखी जवळ सरकलो. म्हातारीच्या मागे एक पुरुष काठीला टेकून उभा होता. त्याने अजून कागद पाहिला नव्हता.

"आता त्यांना दाखव म्हणावं," मी म्हणालो. "आणि त्या बाईने काय सांगितलं, ते त्यांना आधी कळू देऊ नकोस."